मान तुकवायची कुणापुढे?

१८८५ साली इंग्लंडमध्ये पंडिता रमाबाईंवर गर्विष्ठपणाचा ठपका आला. बाप्तिस्मा घेऊन त्यांना जेमतेम दीड-दोन वर्षं झाली होती. ठपका ठेवणारी व्यक्ती कुणी वैरीण नव्हती. वाँटेज गावातल्या अँग्लिकन भगिनीसंघाच्या सिस्टर जेराल्डीन यांनी रमाबाईंना आणि त्यांच्या लहानग्या मनोरमेला आसरा दिला होता, जीव लावला होता. रमाबाई पत्रात त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. या आजीबाईंना मनापासून वाटू लागलं होतं की रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा, पण ख्रिस्ती नम्रता काही त्यांच्या अंगी उतरली नाही. त्या प्रत्येक गोष्टीचं कारण विचारतात, वडीलधाऱ्यांचा सल्ला स्वतःच्या बुद्धीने तपासून घेतात, बिशपांचा शब्दही शेवटचा मानत नाहीत.

देवाशी संपूर्ण निष्ठा आणि नम्रता या ख्रिस्ती जीवनातल्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे समजून घ्यायला मराठी वाचकाला या भांडणाहून चांगली वाट मिळणार नाही असं मला वाटतं. दोन्ही बाजूंना श्रद्धाळू बायका होत्या. दोघींचंही पवित्र शास्त्र एकच होतं. तरी एकीला जो गर्व वाटत होता, तोच दुसरीला देवाशी इमान वाटत होता.

भांडणात शिरण्याआधी शास्त्रात डोकवायला हवं. देव एकच आहे आणि त्याच्यावर सगळ्या अंतःकरणाने, सगळ्या जिवाने, सगळ्या शक्तीने प्रीती करायची, ही आज्ञा मोशेच्या पाच पुस्तकांपैकी शेवटच्या, म्हणजे ‘अनुवाद’ या पुस्तकात येते. धार्मिक ज्यू माणूस आजही ती सकाळ-संध्याकाळ म्हणतो. सगळ्यात मोठी आज्ञा कोणती, असं येशूला विचारलं तेव्हा त्याने हीच सांगितली आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा तिला जोडून दिली. या आज्ञेत ‘सगळ्या’ हे पुन्हा पुन्हा येतं. थोडी निष्ठा देवाला, थोडी राजाला, थोडी जातीला आणि उरलेली स्वतःच्या नावलौकिकाला, अशी वाटणी तिला चालत नाही.

या आज्ञेचा नम्रतेवर होणारा परिणाम मोशेच्या आयुष्यात दिसतो. ‘गणना’ या पुस्तकात त्याला पृथ्वीवरचा सगळ्यात नम्र माणूस म्हटलं आहे. ते म्हटलं आहे कुठे, तर त्याची सख्खी भावंडं मिर्याम आणि अहरोन त्याच्याविरुद्ध बोलतात त्या प्रसंगी. मोशे स्वतःच्या बचावाला एक शब्दही बोलत नाही. उलट मिर्यामला शिक्षा होते तेव्हा तिच्यासाठी देवाचा धावा करतो. आणि हाच माणूस फारोच्या दरबारात उभा राहून, माझ्या लोकांना जाऊ दे, अशी देवाची आज्ञा त्या बलाढ्य राजाला पुन्हा पुन्हा ऐकवतो. स्वतःच्या मानापमानाच्या वेळी गप्प आणि देवाच्या कामाच्या वेळी निर्भय. बायबलमधली नम्रता अशी दुहेरी आहे. बाबेलच्या राजाने उभारलेल्या सोन्याच्या पुतळ्यापुढे वाकायला नकार देणारे तीन ज्यू तरुणही राजाशी उद्धटपणे बोलत नाहीत. भट्टीत टाकलं तरी आम्ही वाकणार नाही, एवढंच ते सांगतात.

येशूच्या बाबतीत ही गोष्ट टोकाला जाते. शेवटच्या भोजनाच्या रात्री तो कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. त्या काळी हे दासांचं काम होतं. पेत्राला ते सहन होत नाही, तो पाय मागे घेतो. दुसऱ्या दिवशी रोमन सुभेदार पिलातापुढे मात्र हा पाय धुणारा गुरू गयावया करत नाही. पौलाने फिलिप्पै इथल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात या सगळ्याचं सार आहे: ख्रिस्ताने देवाशी असलेली बरोबरी घट्ट धरून ठेवली नाही, स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं आणि वधस्तंभापर्यंत आज्ञेत राहिला. वधस्तंभ ही रोमन साम्राज्यात मुख्यतः गुलामांना आणि बंडखोरांना दिली जाणारी शिक्षा होती. ज्या जगात लीन असणं हे हलक्या माणसाचं लक्षण समजलं जाई, त्या जगात हे लिहिलं गेलं. पुढे पाचव्या शतकाच्या सुरुवातीला डायोस्कोरस नावाच्या एका हुशार, विद्येची हौस असलेल्या तरुणाने संत ऑगस्टीनला तत्त्वज्ञानातले पुष्कळ प्रश्न लिहून पाठवले. सत्याकडे नेणारी वाट कोणती, याचं ऑगस्टीनने दिलेलं उत्तर असं की पहिली वाट नम्रता, दुसरी नम्रता, तिसरीही नम्रता. जितक्यांदा विचारशील तितक्यांदा हेच सांगेन.

मग मठ आले. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले, त्यात नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या. त्यातल्या एका पायरीवर देवाच्या प्रेमापोटी आपल्या वरिष्ठाची आज्ञा पाळायची असते. या शिस्तीने युरोपात मोठी कामं घडवली. शेती, हस्तलिखितं, पाहुण्यांची आणि आजाऱ्यांची सेवा, सगळं त्या बळावर चाललं. पण तिच्यात एक धोका दडलेला होता. वरिष्ठापुढे वाकणं म्हणजे देवापुढे वाकणं, असं एकदा ठरलं की खुर्चीतल्या कोणत्याही माणसाला दुसऱ्याकडे नम्रता मागता येते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये भगिनीसंघ पुन्हा सुरू झाले, ते मठांच्या याच परंपरेला धरून. सिस्टर जेराल्डीन आज्ञापालनाच्या त्या वातावरणात राहिलेल्या होत्या. त्यांनी रमाबाईंकडे जे मागितलं, ते त्या स्वतः रोज देत होत्या, हे लक्षात ठेवायला हवं.

रमाबाई कुठून आल्या होत्या? जन्म २३ एप्रिल १८५८चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना शास्त्रीमंडळींपुढे जाब द्यावा लागला होता. पुढे सगळं कुटुंब पुराण सांगत देशभर पायी हिंडलं. दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण एकामागून एक गेले. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई हिंडत हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचले आणि तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्यानंतर चार वर्षांच्या आत भाऊ गेला, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, मनोरमा जन्मली आणि नवराही गेला. १८८२मध्ये पुण्यात आर्य महिला समाज, १८८३मध्ये इंग्लंड. वैद्यकीय शिक्षण घ्यायचं होतं, पण कानांना कमी ऐकू येत असल्याने ते राहून गेलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुण्यात गदारोळ उठला. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५मध्ये ‘सत्सार’ काढून रमाबाईंची बाजू उघडपणे घेतली.

रमाबाईंचं मन ख्रिस्ताकडे ज्याने ओढलं, त्यातली एक गोष्ट त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. लंडनच्या फुलहॅम भागात भगिनींनी वाट चुकलेल्या बायकांसाठी चालवलेलं घर त्यांना दाखवण्यात आलं. समाजाने टाकलेल्या बायकांची इतक्या मायेने सेवा होताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची कथा सांगण्यात आली: पाच नवरे झालेली, विहिरीवर एकटीच आलेली आणि येशूने जिच्याकडे प्यायला पाणी मागितलं ती. इथे त्यांना वाकणारा देव दिसला.

त्यानंतर वाद सुरू झाला. रमाबाई १८८४पासून चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. प्राचार्या डोरोथिया बील त्यांना मानत. रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही शिकवावं असं निघालं आणि मुंबई व लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. हे कळलं तर भारतात रमाबाईंची पत जाईल, असं बिशपांचं म्हणणं. रमाबाईंनी उत्तर दिलं ते असं की माझी आई तरुण विद्यार्थ्यांना शिकवत असे, मीही शिकवलं, माझ्या वडिलांना किंवा नवऱ्याला त्यात कधी वावगं दिसलं नाही. मग इंग्लंडमधल्या सुधारलेल्या लोकांना ते का दिसावं? गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती, त्यावरही त्या बोलल्या. भारतातल्या बायकांना लॅटिनचा काय उपयोग, तिथे संस्कृत हवं. शाकाहार त्यांनी सोडला नाही. भगिनींना त्यात जुन्या जातीची ताठ मान दिसत होती. सगळ्यात कठीण प्रश्न त्र्यैक्याचा. देव एक आणि तरी पिता, पुत्र, पवित्र आत्मा, हा सिद्धान्त शास्त्रात आपल्याला जसा सापडेल तसाच मानू, कुणी सांगितला म्हणून मानणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. मनोरमेच्या शिकवणीवरूनही ठिणग्या उडाल्या.

या पत्रांत रमाबाईंचं एक म्हणणं पुन्हा पुन्हा डोकं वर काढतं. हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जू मानेवरून उतरवायला मला फार कष्ट पडले आहेत, आता तसंच दुसरं जू देवाच्या नावाने मानेवर घ्यायला मी तयार नाही. मला विवेकबुद्धी देवाने दिली आहे, तिचा जाब मला त्यालाच द्यायचा आहे. सिस्टर जेराल्डीन यांना यात स्वातंत्र्याचा अतिरेक दिसला, अहंकार दिसला.

माझं मत इथे रमाबाईंच्या बाजूने पडतं, पण सरसकट नाही. सत्तावीस वर्षांच्या त्या बुद्धिमान बाईच्या लिखाणात कधी कधी वादात जिंकण्याची चव लागल्यासारखी वाटते, आणि ज्यांच्या घरी आपण राहतो त्यांचं मन दुखावल्याची जाणीव काही पत्रांत कमी पडते. मूळ मुद्दा मात्र त्यांनी अचूक पकडला होता. ज्याला सगळं हृदय दिलं, त्याच्यापुढे मान पूर्ण वाकते. इतर कुणापुढे ती प्रेमाने, उपकाराच्या जाणिवेने वाकू शकते, पण हक्काने वाकवून घेता येत नाही. मोशे फारोपुढे ज्या बळावर उभा राहिला ते हेच.

गंमत अशी की रमाबाईंना स्वतःच्या नम्रतेतली उणीव पुढे दिसली, पण ती सिस्टर जेराल्डीन यांनी दाखवलेल्या जागी नव्हती. १८९१च्या सुमारास विल्यम हॅसलम या इंग्रज पाळकाचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. हॅसलम वर्षानुवर्षं धर्मसेवा करत होते आणि एके दिवशी स्वतःच्याच व्यासपीठावर उपदेश करताना त्यांना उमगलं की आपल्याला येशूची प्रत्यक्ष ओळख अजून झालेलीच नाही. रमाबाईंना त्यात स्वतःची अवस्था दिसली. ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला, पण धर्म ज्याच्याविषयी आहे तो ख्रिस्त मिळाला नाही, असं त्यांनी त्या काळाविषयी लिहिलं आहे. आपल्या विद्वत्तेने, चांगल्या कामांनी किंवा घेतलेल्या बाप्तिस्म्याने आपण देवाजवळ पोचतो, ही समजूत त्यांनी सोडली आणि रिकाम्या हाताने त्याच्यापुढे उभं राहायचं ठरवलं. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळालेल्या बाईला हे किती जड गेलं असेल, याचा विचार वाचकाने करावा. बिशपांपुढे न झुकण्याहून हे अवघड होतं.

निष्ठा पूर्ण असली की तिची किंमत इतरांनाही मोजावी लागते, हे १८९३मध्ये पुण्यात दिसलं. भारतात परतल्यावर रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू केलेली विधवा मुलींची शाळा, शारदासदन, तेव्हा पुण्यात आली होती. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी विवाह करणाऱ्या गोदूबाई या तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. सदनात धर्माच्या बाबतीत सक्ती नाही, असं ठरलेलं. रमाबाई मनोरमेबरोबर आपल्या खोलीत बायबल वाचत, प्रार्थना करत, दार उघडं असे, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. सल्लागार मंडळातले न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी अंग काढून घेतलं, पालकांनी पंचवीसच्या आसपास मुली परत नेल्या. रानड्यांसारख्यांना इथे दोष देणं मला जमत नाही. विधवा मुलींना शाळेत पाठवायला पालकांची मनं वळवणं किती अवघड होतं, हे ते जाणत होते आणि तो विश्वास तुटताना त्यांना दिसत होता. रमाबाईंनी मात्र दार लावून घेतलं नाही. मुलींना आत बोलावणार नाही, पण आलेलीला बाहेरही काढणार नाही. देवाची प्रार्थना लपवून करणं म्हणजे त्याच्याशी बेइमानी, असं त्यांना वाटत होतं. त्यांच्या त्या निर्णयाने काही मुलींचं शिक्षण थांबलं, हेही खरं आहे.

मग केडगाव. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच्या या गावी त्यांनी जमीन घेतली होती. १८९६-९७मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. वीस-एक वर्षांपूर्वी आपण स्वतः अशाच दुष्काळात उपाशी फिरलो होतो, हे त्यांना आठवलं. तीनशे मुली वाचवायच्या, असा निर्धार करून त्या तिकडे गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या, उवांनी भरलेल्या, काही वाटेत दलालांच्या हाती सापडलेल्या मुली त्यांनी आणल्या. १८९७मध्ये पुण्यात प्लेगने कहर केला तेव्हा सरकारी इस्पितळातल्या बायकांच्या हालांबद्दल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून सरकारला जाब विचारला. सरकारने आरोप फेटाळले. ख्रिस्ती आहे म्हणून ख्रिस्ती राज्यकर्त्यांपुढे दबायचं, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. १९००मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी शेकडो जणी आल्या आणि केडगावच्या या आश्रमात, म्हणजे मुक्तिसदनात, हजाराहून जास्त मुली-बायका राहू लागल्या.

इथलं काम बघितलं की नम्रतेचा वाद मिटतो. शेती, विहिरी, गुरं, हातमाग, तेलाचा घाणा, छापखाना, स्वयंपाक, धुणं, सगळं बायकांच्या हाती. आंधळ्यांसाठी वेगळी व्यवस्था. ‘वाईट’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन. फुलहॅमला पाहिलेलं घर त्यांनी केडगावच्या मातीत उभं केलं होतं. रमाबाई स्वतः साधं पांढरं लुगडं नेसत आणि या बायकांमध्येच राहत. पैशासाठी श्रीमंतांच्या पायऱ्या झिजवण्याऐवजी त्या प्रार्थनेवर भिस्त ठेवत. जॉर्ज म्यूलर आणि हडसन टेलर यांची चरित्रं त्यांनी याच कारणासाठी वाचली होती. १९०५मध्ये मुक्तिसदनात आध्यात्मिक जागृतीची मोठी लाट आली आणि तिची बातमी जगभरच्या ख्रिस्ती मंडळींत पोचली. रमाबाई मात्र मुलींना गावोगावी शुभवर्तमान सांगायला पाठवण्याच्या आणि पोटापाण्याच्या कामांतच गढलेल्या राहिल्या.

परक्या धर्मसंस्थेपुढे मान तुकवायची का, या रमाबाईंच्या प्रश्नापाशी आणखी एक मराठी माणूस पोचला. अहमदनगरच्या मिशनमध्ये मानाचं स्थान असलेले कवी नारायण वामन टिळक १९१७मध्ये मिशनमधून बाहेर पडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. ख्रिस्ताला मानणाऱ्यांनी परदेशी संस्थेचं आश्रित म्हणून राहू नये, बाप्तिस्मा झालेल्या-न झालेल्या सगळ्यांनी भावंडांसारखं एकत्र यावं, असा त्यांचा ध्यास होता. १९१९मध्ये ते गेले आणि ते काम अपुरं राहिलं.

रमाबाईंची शेवटची वर्षं बायबलच्या मराठी भाषांतरात गेली. त्यासाठी त्या पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. शिकल्या त्या पंडितांसाठी नव्हे. मुक्तिसदनातल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या बाईला स्वतः वाचता यावं आणि समजावं, असं मराठी त्यांना हवं होतं. जुळाऱ्याचं काम, छपाई, बांधणी मुलींनीच केली. १९२१मध्ये मनोरमा गेली. मुलीच्या दुःखातही मुद्रितं तपासण्याचं काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं आणि पुढे ते संपूर्ण छापून निघालं. ज्या अँग्लिकन चर्चच्या बिशपांशी त्यांचा खटका उडाला होता, त्या इंग्लंडच्या चर्चने आपल्या स्मरणदिनांच्या यादीत ३० एप्रिल हा दिवस त्यांच्या नावे ठेवला आहे, पवित्र शास्त्राच्या भाषांतरकार म्हणून.

आणि सिस्टर जेराल्डीन? रमाबाईंची पत्रं, स्वतःची पत्रं, बीलबाईंची आणि बिशपांची पत्रं त्यांनी जपून ठेवली आणि एकत्र केली. १९७७मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केली. ज्या पत्रांत रमाबाईंनी त्यांचं म्हणणं मुद्द्यामुद्द्याने खोडून काढलं आहे, तीही सिस्टर जेराल्डीन यांनी त्या संग्रहात ठेवली आहेत.